तोट्याचा मार्ग

बोरिवली स्थानकाच्या पश्चिमेकडून सुटलेली बेस्टची बस गोराई खाडीच्या काठाशी येऊन थांबते. पाटीवर नाव आमच्या गावाचे असते. गाव मात्र पाण्याच्या पलीकडे. बसमधून उतरायचे, जेट्टीची वाट धरायची, भरती-ओहोटीचा अंदाज घ्यायचा आणि बोटीत बसायचे, हा आम्हां गोराईकरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नित्यक्रम आहे. दुसरी वाट उत्तन-भाईंदरच्या रस्त्याने मोठा वळसा घालून जाते. ज्याला सकाळी कामावर वेळेत पोहोचायचे आहे, भाजीची पाटी घेऊन बोरिवलीचा बाजार गाठायचा आहे, दहावीनंतर कॉलेजात जायचे आहे, त्याला खाडी ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून बोट आणि बस या आमच्या दृष्टीने दोन गोष्टी नाहीत. बस चुकली की बोट चुकते, आणि बोट चुकली की दिवस.

मुंबईची सार्वजनिक बससेवा आक्रसत चालली आहे, ही गोष्ट आता सर्वांच्या अनुभवाची झाली आहे. ती एका रात्रीत आक्रसली नाही. ती रोखण्याचा प्रयत्न कोणी केला, कोठे केला, त्याला कितपत यश आले आणि तो प्रयत्न पुढे का थंडावला, याचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. महापालिकेच्या सभागृहात झालेल्या त्या वादाकडे खाडीच्या या तीरावरून पाहण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

गोराई, मनोरी, उत्तन ही गावे धारावी बेटावर वसलेली आहेत. (मुंबईतील धारावीच्या वस्तीशी या बेटाचा संबंध नाही.) पोर्तुगीज अमदानीत हे बेट वसई प्रांताचा भाग होते आणि १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी ते जिंकून घेतले. आज त्याच बेटावरून दोन महापालिकांची हद्द जाते: गोराई-मनोरी मुंबईत, तर उत्तन मिरा-भाईंदरमध्ये. माणसे मात्र हद्द पाहून सोयरिकी करीत नाहीत. आमची नातीगोती उत्तनपासून वसईपर्यंत आणि खाडीपलीकडे थेट मंडपेश्वरापर्यंत पसरलेली आहेत.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली लोकलगाडी निघाली, तेव्हा तिच्या मोजक्या थांब्यांत बोरिवलीचा समावेश होता. मुंबईत पहिली बस धावली ती १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर. त्या काळी ट्राम आणि बस चालविणारी कंपनी खासगी होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला अवघे आठ दिवस उरले असताना, मुंबई महापालिकेने ती ताब्यात घेतली आणि बेस्ट उपक्रम नगरवासीयांच्या मालकीचा झाला. पन्नाशीच्या दशकात मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, आणि लाल बस हळूहळू उपनगरांच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली.

महापालिकेने बस ताब्यात घेतल्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. खासगी कंपनीला मार्ग परवडला नाही तर ती तो बंद करते आणि तिला कोणी जाब विचारत नाही. महापालिकेचे तसे नाही. बेस्टचा कारभार महाव्यवस्थापक पाहत असला तरी त्याच्यावर बेस्ट समिती असते. दर वर्षी ऑक्टोबरात महाव्यवस्थापक आपला अर्थसंकल्प या समितीपुढे ठेवतो. तेथून तो स्थायी समितीकडे आणि पुढे सभागृहाकडे जातो. म्हणजे गोराई खाडीची एखादी फेरी कमी करावयाची झाली, तर तिच्याविषयी प्रश्न विचारणारा निदान एक माणूस त्या टेबलापाशी बसलेला असावा, अशी ही व्यवस्था. तो प्रत्येक वेळी बोलला असे नाही. पण बोलण्याची जागा होती.

आता पैशाची बाजू पाहू. बसच्या तिकिटावर बस चालते, हा समज बरोबर नाही. बेस्ट हा वीज आणि वाहतूक यांचा जोडउपक्रम. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागात बेस्टची वीज जाते. बस मात्र साऱ्या मुंबईत आणि तिच्या बाहेरही धावते. विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून काढावी, ही रीत कित्येक वर्षे चालली. आमच्या घरातले विजेचे बिल बेस्टचे नसते. पूर्वी ते बी.एस.ई.एस.चे येत असे. तरीही कुलाब्याच्या आणि गिरगावच्या दिव्यांनी गोराई खाडीच्या बसचा भार वाहिला, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.

वीज नियामक आयोग आला, २००३ चा वीज कायदा आला, आणि या रीतीवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. वीजग्राहकाने बसप्रवाशाचा भार का सोसावा, असे विचारले जाऊ लागले. काही वर्षे वाहतूक विभागाची तूट वीजबिलातील वेगळ्या आकारातून वसूल झाली. नंतर तेही थांबले. विजेचा टेकू निघाला, आणि बस आपल्या पायांवर उभी राहू शकत नाही हे उघडे पडले. त्याच काळात रस्ते गाड्यांनी भरले, बसचा वेग मंदावला, आणि स्थानकाबाहेर शेअर रिक्षांच्या रांगा लागल्या. २०१० च्या सुमारास बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बस होत्या. तेथून ही संख्या उतरू लागली.

तत्कालीन महापालिका आयुक्त अजोय मेहता यांनी २०१७ मध्ये बेस्टपुढे सुधारणांचा आराखडा ठेवला, तो या पार्श्वभूमीवर. महापालिकेने मदत करावयाची तर आधी बेस्टने आपला खर्च आवरावा, असा त्याचा रोख होता. तोट्यातील मार्गांना कात्री लावावी, भाडेवाढ करावी, सवलतींचा आणि कर्मचाऱ्यांच्या भत्त्यांचा फेरविचार करावा, खासगी कंत्राटदारांच्या बस भाड्याने घ्याव्यात, अशा सूचना त्यात होत्या. हिशेबनीसाच्या दृष्टीने त्यांत गैर काही नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेस्टने आपल्या जांभळ्या वातानुकूलित बस कायमच्या बंद केल्या. त्या फार तोट्यात होत्या, आणि त्यांच्यासाठी फारसे कोणी हळहळले नाही. सगळीच कपात अन्याय्य असते असे आमचेही म्हणणे नाही.

साध्या बसच्या कपातीला मात्र बेस्ट समितीत विरोध झाला. अनिल कोकीळ तेव्हा समितीचे अध्यक्ष होते. सत्ताधारी शिवसेना, भाजप आणि काँग्रेस हे पक्ष एरवी एकमेकांशी भांडणारे; पण बस हा नफ्याचा धंदा नव्हे, नागरी सेवा आहे, एवढ्या मुद्द्यावर त्यांचे सूर जुळत असत. ७ ऑगस्ट २०१७ रोजी, महापालिकेने बेस्ट ताब्यात घेतल्याला बरोबर सत्तर वर्षे झाली त्याच दिवशी, कामगारांनी थकलेल्या वेतनासाठी संप केला. नेत्यांच्या आश्वासनानंतर तो त्याच दिवशी मिटला. पुढे बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या मूळ अर्थसंकल्पात विलीन करावा, अशी मागणी सभागृहाने मंजूर केली. रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने यांच्या खर्चाला कोणी तोटा म्हणत नाही. मग बसच्याच खर्चाला तोटा का म्हणावे, हा त्यामागचा विचार होता.

हा विचार आम्हांला मोलाचा वाटतो. तोटा हा शब्द कोणी आणि कशाच्या आधारे ठरवला हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. एखाद्या मार्गावर दर किलोमीटरला किती तिकीट गोळा झाले आणि किती खर्च झाला, एवढेच पाहिले तर शेवटच्या थांब्याकडे जाणारी रात्रीची फेरी नेहमीच तोट्यात दिसणार. तीत प्रवासी दहा-बारा असतील. पण रात्री परतायला बस आहे या भरवशावरच ते दहा-बारा जण सकाळी भरलेल्या बसने गेलेले असतात. रात्रीची फेरी काढली की सकाळचे प्रवासीही हळूहळू दुसरी सोय पाहतात. मग सकाळची फेरीही तोट्यात दिसू लागते, आणि तीही कमी करण्याचे कारण आयते मिळते. ज्या गावाला बसनंतर बोटही गाठायची असते, त्या गावाला ही साखळी कोणी समजावून सांगावी लागत नाही.

मात्र सभागृहाच्या विरोधाचे नुसते कौतुक करून भागणार नाही. विरोध करणे सोपे असते, तूट भरणे कठीण. ठराव झाला, पण विलीनीकरण अडकून पडले. भाषणे झाली, पण वेतनाचा प्रश्न सुटला नाही. एप्रिल २०१८ मध्ये लांब पल्ल्याच्या प्रवासाचे भाडे वाढले. जानेवारी २०१९ मध्ये कामगार पुन्हा संपावर गेले, आणि नऊ दिवस मुंबईत बेस्टची बस जवळजवळ दिसली नाही. अखेर उच्च न्यायालयाला मध्यस्थ नेमावा लागला. खिशात हात न घालता केलेला विरोध किती दिवस टिकणार?

खिशात हात गेला तो त्यानंतर. २०१९ च्या मध्यावर महापालिकेने बेस्टला दरमहा १०० कोटी रुपये देण्याचे ठरविले आणि ९ जुलै २०१९ पासून साध्या बसचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले. भाडे कमी केल्याने तूट वाढेल, असे भाकीत अनेकांनी केले होते. पण रिक्षाकडे वळलेले प्रवासी परत आले आणि रोजच्या प्रवाशांत लाखोंची भर पडली. माणसांना बस नको होती असे नव्हे. त्यांना परवडेल अशी आणि वेळेवर येईल अशी बस हवी होती.

असा प्रयोग पूर्वी लंडनमध्येही झाला होता. ऑक्टोबर १९८१ मध्ये तेथील बृहद्‌लंडन परिषदेने बस आणि भुयारी रेल्वेचे भाडे सरासरी ३२ टक्क्यांनी उतरविले आणि त्याचा भार करातून उचलला. ब्रॉम्ली या उपनगराच्या परिषदेने त्याविरुद्ध दावा लावला. आमच्या भागात भुयारी रेल्वे येतच नाही, मग तिच्यासाठी आम्ही कर का द्यावा, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ब्रॉम्लीच्या बाजूने निकाल दिला. वाहतूक काटकसरीने, व्यवहार पाहून चालवावी, असा कायद्याचा अर्थ लावला. मार्च १९८२ मध्ये भाडी जवळजवळ दुप्पट झाली. परिषदेने हार मानली नाही. १९८३ मध्ये कायद्यात बसेल अशी नवी योजना आणून तिने भाडी पुन्हा उतरविली. पण १९८६ मध्ये सरकारने ती परिषदच बरखास्त केली.

ब्रॉम्लीकरांचे म्हणणे आम्हांला परके वाटत नाही. आपल्या दारी न येणाऱ्या सेवेचा भार आपण का उचलावा, हा प्रश्न मनुष्यस्वभावाला धरून आहे. पण हाच प्रश्न उद्या कुलाब्याच्या रहिवाशाने गोराईच्या बसविषयी विचारला तर आमच्याजवळ काय उत्तर आहे? उत्तर एकच: एका नगराचे आपण सारे रहिवासी आहोत. जो दूर राहतो, ज्याच्या वाटेत खाडी आहे, त्याचा प्रवास महाग असतो. तो महागपणा सर्वांनी मिळून वाटून घ्यावा, यासाठीच नगराला सभागृह असते.

आपल्या समाजाच्या आठवणीत याहून जवळचे उदाहरण वसईचे आहे. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि पुढे वसई तालुक्यातील गावोगावी एस.टी. पोहोचली. अर्नाळा, निर्मळ, गिरीज, भुईगाव या पट्ट्यातील शेतकऱ्यांचा भाजी-फुलांचा व्यापार आणि मुलांची शाळा-कॉलेजे तिच्यावर चालली. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. गावे तीत घालण्यास ग्रामस्थांनी मोठा विरोध केला, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. २०१२ मध्ये महापालिकेने कंत्राटदारामार्फत स्वतःची बससेवा सुरू केली. त्यानंतर, शहरी वाहतूक ही महापालिकेची जबाबदारी, म्हणून एस.टी.ने तालुक्यातील स्थानिक मार्गांवरून अंग काढून घ्यावयास आरंभ केला. नवी बस गावाच्या शेवटच्या फाट्यापर्यंत येणार का, विद्यार्थ्यांच्या सवलतीचे काय, याची उत्तरे मिळण्याआधीच जुनी बस निघून जाण्याची वेळ आली. वसईकरांनी आंदोलने केली. प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे दोन यंत्रणा होत्या, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवीत होता. मधल्या फटीत गाव सापडले.

आमच्या बेटाची स्थिती याहून फार निराळी नाही. एका बाजूला मुंबईची बस, दुसऱ्या बाजूला मिरा-भाईंदरची, मध्ये खाडी. आमच्या गावाला स्वतःची ग्रामपंचायत नाही. बोरिवलीच्या दाट वस्तीबरोबर एकाच प्रभागात आम्ही मोडतो, आणि मतांच्या गणितात आमची संख्या लहान. म्हणून आमचा प्रश्न बोलणारा माणूस सभागृहात असणे, हे आमच्यासाठी मोठ्या वस्तीपेक्षा अधिक निकडीचे आहे. मोठ्या वस्तीची बस गर्दीच मागून घेते. लहान गावाची बस कोणीतरी मागावी लागते.

आणि नेमकी हीच जागा मध्यंतरी रिकामी राहिली. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली, आणि सुमारे चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात सभागृह नव्हते, तशी बेस्ट समितीही नव्हती. स्वतःच्या बस जुन्या होऊन भंगारात निघाल्या. नव्या बहुतेक कंत्राटदारांच्या आल्या. काही कंत्राटदारांनी मध्येच काम सोडले. ऑगस्ट २०२३ मध्ये भाड्याच्या बसवरील चालक संपावर गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये जुनी लाल दुमजली बस शेवटची धावली. तिला निरोप द्यायला लोक हार घेऊन गेले. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे पाचवरून दहा रुपये झाले. त्या वर्षी ताफा तीन हजारांच्या आत आला होता, आणि त्यांतील बेस्टच्या मालकीच्या बस हजारही नव्हत्या. एवढे मोठे निर्णय झाले, पण त्यांवर लोकप्रतिनिधींची एकही रीतसर बैठक झाली नाही. २०१७ मध्ये भांडणारी माणसे होती. त्या भांडणात दोष होते, पण भांडण ऐकू येत होते. दुमजली बसला हार मिळाले, तसे बंद पडलेल्या फेरीला मिळत नाहीत. थांब्यावर माणूस वाट पाहत राहतो, आणि दोन-चार दिवसांनी वाट पाहणे सोडून देतो.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली आणि मुंबईला पुन्हा लोकनियुक्त सभागृह मिळाले. त्या सभागृहाकडे आमचे मागणे फार मोठे नाही. कोणताही मार्ग बंद करण्यापूर्वी किंवा त्याच्या फेऱ्या घटविण्यापूर्वी थांब्यावर तशी सूचना लागावी. त्या मार्गावरील लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे. आणि मार्ग ठेवायचा ठरला तर त्याचा खर्च अर्थसंकल्पात उघडपणे मांडावा. विरोध आणि तरतूद या दोन्ही गोष्टी एकाच ठरावात असल्या पाहिजेत. तरतुदीविना विरोध काय करू शकतो ते २०१७ ने दाखविले, तरतूद झाल्यावर काय घडते ते २०१९ ने, आणि दोन्ही नसताना काय होते ते पुढच्या वर्षांनी.

आमचे स्वतःचे कर्तव्यही आहे. सप्टेंबरात वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेसाठी बेस्ट जादा बस सोडते, कारण तेव्हा लाखो माणसे बस मागतात. तो आठवडा सरला की आपल्यापैकी अनेक जण दुचाकी आणि रिक्षाकडे वळतात, आणि बस रिकामी गेली की ती तोट्यात गेली असे आपणच म्हणतो. ज्यांना दुचाकी चालविता येत नाही, ज्यांना रिक्षा परवडत नाही, त्या वृद्धांसाठी, पाटीवाल्या बायांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी ही बस टिकावी असे वाटत असेल, तर आपणही तीत बसले पाहिजे. शेजाऱ्याची काळजी घ्यावी ही शिकवण आपण दर रविवारी ऐकतो. सोमवारी सकाळी ती बसथांब्यावर आठवावी, एवढेच आमचे सांगणे.

खाडीचे पाणी भरतीला चढते आणि ओहोटीला उतरते. त्याचे वेळापत्रक आम्हांला पाठ आहे, आणि ते बदलणे कोणाच्याच हाती नाही. बसचे वेळापत्रक मात्र माणसे ठरवितात. ते ठरविताना शेवटच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला एकदा विचारावे.